बाबांचं टपाल

टीं... टीं... टीं...

दुपारच्या गाढ शांततेत वॉशिंग मशीन ओरडलं आणि ती हातातलं काम टाकून न्हाणीघराकडे पळाली. भिंगरी नुकती कुठे झोपली होती. पोरगी अशी, की शेजारी ढोल बडवला तरी कूस बदलायची नाही, पण मशीनची टीं कानावर पडली की "माझा ससा धुतला का?" म्हणत ताडकन उठून बसायची. आईने बटण दाबलं, श्वास रोखला, कानोसा घेतला. आतून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. जीव भांड्यात पडला.

मग तिने मशीनचं झाकण उघडलं. आत एकच टॉवेल होता.

एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एकटाच, पिळवटून कडेला चिकटून बसलेला. तिचा टॉवेल. गेले काही आठवडे तो घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कपड्याबरोबर धुतला जात नव्हता. उशीचा अभ्रा वेगळा. पाण्याचा पेला वेगळा, आणि तो चुकून भिंगरीच्या हाती लागू नये म्हणून त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. आपल्याच घरात ती पाहुणी झाली होती, आणि तीही कधी जाते याची वाट बघावी अशी.

सुरुवात अगदी साधी होती. कंबरेच्या खाली, कुणाला दाखवताही येऊ नये अशा जागी, चार-दोन बारीक फोड आले. आग व्हायची, बसताना टोचायचं. चष्म्याच्या दुकानात तिचं काम दिवसभर स्टुलावर बसून. सोसेना तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात गेली. नेहमीचे डॉक्टर सुटीवर. त्यांच्या जागी आलेला तरुण डॉक्टर तिच्यापेक्षा जास्त लाजला. धड बघितलंसुद्धा नाही. "हर्पीस असू शकतं," असं त्याने तिला नाही, टेबलाला सांगितलं, आणि रक्ततपासणीचा कागद पुढे सरकवला.

रिपोर्ट येईपर्यंत फोड सुकले, खपल्या धरल्या आणि गळूनही गेले. दुखणं गेलं, कागद राहिला.

आणि काय तो कागद! टाइप वन, टाइप टू, आयजीजी, आयजीएम. टाइप वनसमोर मोठा आकडा आणि 'पॉझिटिव्ह'. टाइप टूसमोर एक पॉइंट चार, आणि तिथेही 'पॉझिटिव्ह'. आयजीएमसमोर 'संदिग्ध'. तिला वाटलं, छापण्यात चूक झाली असेल. म्हणून तिने कुणालाही न सांगता दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथला कागद म्हणाला, टाइप टू निगेटिव्ह. आयजीएम मात्र पॉझिटिव्ह. एकाच दंडातलं रक्त, आणि दोन कागदांची दोन तोंडं. तिने दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, दुकानात भिंगं धरतात तसे. काही म्हणता काही दिसलं नाही.

फोनवर शोधलं, तर मन चिंती ते वैरी न चिंती अशी गत झाली. एकीकडे लिहिलेलं, हे जन्मभर अंगात राहतं आणि पापीतूनही पसरतं. दुसरीकडे, जोडीदाराकडून येतं. जोडीदार! तिचा जोडीदार जहाजावर इलेक्ट्रिशियन. सहा महिने पाण्यावर, मग थोडे दिवस घरी, मग पुन्हा पाण्यावर. जहाज म्हटलं की बंदरं आली, आणि बंदरं म्हटली की त्याच्या मित्रांचे ते डोळे मिचकावून केलेले विनोद आले. तेव्हा ती सगळ्यांबरोबर हसली होती. आता त्यातला एकेक विनोद रोज परत येऊन तिच्यासमोर बसत होता. बरं, बोट एकाकडेच दाखवावं तर तेही जमेना. लग्नाआधी तिच्याही आयुष्यात एक माणूस येऊन गेला होता. नवऱ्याला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते असं छापून हातात येणं वेगळं.

पुढच्या रविवारी तो घरी येणार होता. इतके महिने ज्या रविवारची तिने बोटांवर दिवस मोजत वाट पाहिली, तो आता पायऱ्या चढून येणाऱ्या वसुलीवाल्यासारखा वाटू लागला. त्याला काय सांगायचं? विचारायचं की कबूल करायचं? आणि काय कबूल करायचं, हेच मुळात कुणाला ठाऊक होतं?

पण खरं सांगायचं तर रविवारपेक्षाही मोठं दुःख रोजचं होतं. टपाल बंद पडलं होतं.

हे टपाल म्हणजे त्या तिघांचं खास खातं. रोज संध्याकाळी, जहाजाला रेंज असेल तेव्हा, बाबांचा फोन यायचा. बाबा तळहातावर पापी ठेवून ती कॅमेऱ्याकडे फुंकायचे. आईने ती आपल्या ओठांवर झेलायची आणि भिंगरीच्या कपाळावर पोचवायची. पोचवताना मोठ्याने सांगायचं, "बाबांकडून!" कुणाकडून आली ते सांगितलं नाही, तर भिंगरी कपाळ पुसून टपाल परत करायची. "पत्ता नाही! परत!" शिळं टपालही चालत नसे, आजची पापी आजच पोचली पाहिजे. आणि टपालवालीला हमाली म्हणून हनुवटीवर एक पापी रोख मिळायची, दुधाच्या वासाची, जरा ओलीच.

रिपोर्ट आल्यापासून आईने एकही पापी पोचवली नव्हती. "टपालवालीच्या तोंडाला बरं नाहीये," एवढंच सांगितलं होतं. भिंगरीने पहिल्या दिवशी ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "टपालवालीची सुट्टी कधी संपणार?" आता तिने विचारणंही थांबवलं होतं. बाबांनी फोनवर पापी फुंकली की पोरगी स्वतःच आपल्या तळहाताने कपाळाला लावून घ्यायची आणि खेळायला पळायची. ते बघून आईला जे वाटायचं, ते कुठल्या लॅबमध्ये मोजून मिळालं नसतं.

भिंगरी झोपली की ती शेजारी, पण वीतभर अंतरावर आडवी व्हायची. पोरीच्या मानेवर घामाने चिकटलेले केस, गालावर उशीचे वळ. तिथे नुसतं नाक टेकावं असं वाटायचं. पण फक्त बघायची. समोर भरलेलं ताट आणि हात बांधलेले, असं ते बघणं.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात एक काका आले. पोटाशी छत्री धरून, आणि हातात दोन चिठ्ठ्या.

"बाई, मला एक सांगा. ह्या दुकानाने हा नंबर काढला, त्या दुकानाने तो. माणूस मी एकच ना? मग खरा कुठला?"

"दोन्ही मशीनवर काढलेत का काका?"

"हो. हनुवटी टेकवायची आणि आतलं चित्र बघायचं."

"मग दोन्ही अंदाज आहेत. मशीनच्या नंबरावर आम्ही चष्मा करत नाही. बसा. भिंगं घालून, तुम्हाला विचारून विचारून ठरवू."

"मग मशीन ठेवता कशाला?"

"सुरुवात कुठून करायची ते कळायला."

काका खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आमची ही पण नुसत्या अंदाजाने बोलते. फरक एवढाच, की ती चुकत नाही."

ती हसली. चाचणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर बसवली, पहिलं भिंग उचललं, आणि हात तसाच अधांतरी राहिला. हे वाक्य ती रोज दहा माणसांना सांगत होती. मशीनचा आकडा म्हणजे निकाल नव्हे, म्हणून. आणि स्वतःचे दोन आकडे मात्र ती देवाच्या कौलासारखे घरी घेऊन गेली होती. कुणाला न विचारता, न दाखवता, पेल्याला ठिपका लावून मोकळी.

"काय झालं? माझे डोळे एवढे वाईट आहेत?" काकांनी विचारलं.

"नाही हो. तुमचे छान आहेत. सांगा, आता नीट दिसतंय की आधी दिसत होतं?"

जेवणाच्या सुटीत तिने मोठ्या इस्पितळाच्या त्वचाविभागात फोन लावला आणि गुरुवारची वेळ घेतली.

*

डॉक्टरबाई वयाने मोठ्या होत्या. केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि तेच पेन टेबलावर शोधत होत्या. तिने दाखवून दिलं तेव्हा मनापासून हसल्या. त्या हसण्यानेच अर्धं ओझं उतरलं. तिने सगळं सांगितलं. फोड, लाजरा डॉक्टर, दोन्ही कागद, वेगळा टॉवेल. जहाजही सांगितलं, आणि लग्नाआधीचा माणूसही.

बाईंनी कागद शेजारी शेजारी मांडले.

"आधी हा आयजीएम सोडून द्या. तो नवं-जुनं सांगतो अशी समजूत आहे, पण या आजारात आम्ही त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. आता टाइप वन. तो स्पष्ट आहे, तुमच्यात आहे. पण ओठावर ताप उतरतो ना, तो याच्यामुळेच, आणि हा तर जगातल्या बहुतेकांत असतो. पुष्कळांना लहानपणीच मिळतो, आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही."

"आणि टाइप टू?"

"एक पॉइंट चार म्हणजे काठावरचा आकडा. इतक्या कमी आकड्यावर पॉझिटिव्ह आलेले बरेचसे रिपोर्ट नंतर खोटे ठरतात. तुमची दुसरी लॅब तर नाहीच म्हणतेय."

"म्हणजे मला नाहीये?"

"असंही मी आज म्हणणार नाही. काही आठवड्यांनी वेगळ्या पद्धतीची तपासणी करू. आणि पुन्हा फोड आलाच, तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या. फोडातला नमुना घेतला की बोलता येतं. सुकलेल्या फोडाबद्दल रक्ताला विचारून उपयोग नाही."

"पण कुणाकडून आलं, ते तरी?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "रक्त एवढंच सांगतं, की कधीतरी गाठ पडली. कधी, कुठे, कुणामुळे, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. हा कागद घेऊन नवऱ्याशी भांडू नका. त्यांना घेऊन या. दोघांशी मिळून बोलते, काय काळजी घ्यायची ते सांगते."

तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. विचारायचं ते अजून विचारलंच नव्हतं.

"मुलीची... मुलीची पापी घेतली तर चालेल?"

आवाज शेवटी फुटलाच. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून घेतली नाही?"

"रिपोर्ट आल्यापासून." तिने डोळे पुसले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आत्ता ओठावर काही नाही ना? मग खुशाल घ्या. ओठावर फोड असेल तेवढे दिवस पाप्या नाहीत, पेला वेगळा. एरवी नाही. आणि ते टॉवेलाचं प्रकरण आजपासून बंद." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमच्या लहानपणी घरात कुणाच्या ओठावर ताप उतरायचा, जर उठायचा का?"

तिने ग्लास तोंडाशी नेला होता. तो तिथेच राहिला.

आई.

परतताना बसमध्ये खिडकीशी बसली आणि आई समोरच येऊन उभी राहिली. तापातून उठलेली, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात द्राक्षाच्या इवल्या मण्यांसारखे बारीक फोड, त्यावर चकाकणारं मलम. "जर उठलाय गं, लांब हो," असं म्हणत तोंड फिरवणारी. आणि ती लहान, चार वर्षांची असेल, आईच्या गळ्यात लटकून तो चेहरा आपल्याकडे ओढणारी. भिंगरीच्या जन्माआधीच आई गेली. तिच्या साड्या ताईने नेल्या, भांडी वाटली गेली, फोटोतला चेहराही आता फोटोसारखाच आठवायचा. पण हा मलमाचा गुळमट वास कुठे लपून बसला होता इतकी वर्षं?

*

घरी येऊन तिने आधी पेल्याचा ठिपका खरवडून काढला. मग भाजी चिरायला घेतली आणि फोन स्पीकरवर टाकून ताईला लावला. भिंगरी टेबलाखाली सशाला डोकेदुखीची गोळी देत बसली होती.

"ताई, आईला जर उठायचा ना गं?"

"आता हे काय मध्येच? हो, उठायचा की. दर हिवाळ्यात."

तिने सगळं सांगितलं. ताई मध्ये मध्ये "अगं बाई" आणि "मग?" करत राहिली. शेवटी फिसकन हसली.

"म्हणजे इतके दिवस तू अंगाला कडी लावून बसलीस? मला एक फोन नाही करता आला? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच. तू तर काय, लहानपणी गोचीड होतीस नुसती. आई तोंड फिरवायची, तर तू दोन्ही हातांनी तिचे गाल धरून चेहरा वळवायचीस आणि बरोब्बर तोंडावर पापी. मी ओरडायचे. आई म्हणायची, 'जाऊ दे, तिला कळत नाही.'"

"मग मला तो आईकडूनच आला असेल?"

"नाक आईकडून आलं, राग आईकडून आला, आता हाही घे. मला काय आलं? साड्या. त्यासुद्धा विटलेल्या."

दोघी हसल्या.

"मला नाही उठत कधी," ताई म्हणाली. "मी शहाणी होते ना. 'लांब हो' म्हटलं की लांब व्हायचे."

त्या आवाजात चक्क हेवा होता. चिरलेल्या भाजीवर सुरी तशीच थांबली.

"नक्की नाही गं ताई," ती शेवटी म्हणाली. "रक्ताला नाव ठाऊक नसतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या."

"रक्त काय सांगणार? मी होते ना तिथे."

"असेल. इतकी वर्षं आईची पापी अंगात घेऊन फिरतेय मी, असं धरू."

"धर," ताई म्हणाली, आणि घाईघाईने काहीतरी शिजत असल्याचं सांगून फोन ठेवला.

टेबलाखालची गडबड थांबली होती. ससा पालथा पडला होता आणि भिंगरी आईच्या पायांकडे बघत होती.

*

संध्याकाळी त्याचा फोन आला. भिंगरीने बाबांना सशाची तब्येत सांगितली, मग आईने तिला ठोकळे देऊन आतल्या खोलीत पाठवलं. फोन घेऊन ती बाल्कनीत आली, दार ओढून घेतलं.

"काय गं, तोंड एवढंसं का झालंय?" त्याने विचारलं. मागे जहाजाची पांढरी भिंत, त्यावर लटकणारा त्याचा निळा डगला.

तिने सांगितलं. आडपडदा न ठेवता, पहिल्या फोडापासून. तो एकदाही मध्ये बोलला नाही. चित्र इतकं स्थिर झालं की तिला वाटलं, रेंज गेली.

"आहेस का?"

"आहे." मग जरा वेळाने, "म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं की मी..."

"वाटत होतं. कधी तू, कधी मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली. आता नाही विचारत. डॉक्टरबाई म्हणाल्या, कागदावरून..."

"कागद राहू दे बाजूला. विचार."

"अरे, नको."

"विचार गं. नाही विचारलंस तर रविवारी मी येईन आणि हे आपल्या दोघांच्या मध्ये उशी घेऊन झोपेल."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. तिने आवाज जाईपर्यंत वाट पाहिली.

"कुणी होतं का?"

"नाही," तो म्हणाला. सरळ, कॅमेऱ्यात बघून. "कंटाळा होता. तुझी आठवण होती. इंजिनाच्या आवाजात झोप येत नाही, तेव्हा तुझं घोरणं आठवतं."

"मी घोरत नाही."

"बरं, राहिलं." तो हसला, मग हसू विरलं. "माझंही रक्त तपासून घेऊ. दोघं जाऊ त्या बाईंकडे. आणि तो टॉवेल... एकटीने धूत होतीस?"

तिने नुसती मान हलवली. दोन कागदांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्याच्या त्या एका 'नाही'ने सांगितलं होतं. खरं की खोटं, हे तपासायला कुठलं यंत्र नव्हतं. तिने विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि ठरवताच अंगातली कितीतरी दिवसांची गाठ सुटल्यासारखी झाली. मग नुसता तो हवासा वाटला. त्याचा खरखरीत गाल, मानेशी येणारा तेलाचा वास, पाय पसरून तिच्या वाट्याचीही अंथरुणाची जागा खाणारा तो. रविवार पुन्हा लांब वाटू लागला, पूर्वीसारखा लांब, आणि ते लांब वाटणंसुद्धा तिला गोड लागलं.

"टपाल आहे," तो म्हणाला. "घेणार?"

"घेते."

त्याने तळहातावर ओठ टेकवले आणि फुंकर मारली. तिने डोळे मिटून ती झेलली.

आतल्या खोलीत भिंगरी ठोकळ्यांचं घर रचत होती. दार नव्हतं त्याला, नुसत्या भिंती. आई येऊन शेजारी बसली, पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि कपाळावर ओठ टेकवले. ते उचलावेसेच वाटेनात. केसांत दिवसभराची धूळ, घाम, साबण. किती दिवसांनी! मग एका गालावर, मग दुसऱ्या, मग पुन्हा कपाळावर. डोळ्यांतलं पाणी पोरीच्या नाकावर पडलं, तरी ती थांबेना.

सगळं टपाल घेऊन झाल्यावर भिंगरीने पुसायला हात वर केला, पण पुसलं नाही. हात कपाळाशीच ठेवून ती वाट बघत होती. तेव्हा आईच्या लक्षात आलं, पत्ता सांगायचा राहिला. तिने तोंड उघडलं.

पण भिंगरीनेच आधी विचारलं, "आई, ही बाबांकडून आली, की तुझ्या अंगात आजीची आहे ना, ती आली?"